जादा खर्च करणारे फुटबॉल क्लब: शिक्षा कधी होते आणि कोणाच्या वाट्याला येते?

गोलरेषा (धागालेखक)

इंग्लंडमधल्या अव्वल श्रेणीच्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या, २०२१-२२ चा अखेरचा गुणतक्ता काढून पाहिला, तर सोळाव्या स्थानावर ३९ गुणांसह एव्हर्टन आणि अठराव्या स्थानावर ३५ गुणांसह बर्नली दिसतो. तळाचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत जातात, त्यामुळे बर्नली गेला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये एका स्वतंत्र आयोगाने असा निष्कर्ष काढला की, त्याच हंगामाअखेर संपलेल्या हिशेबाच्या कालखंडात एव्हर्टनचा तोटा १२ कोटी ४५ लाख पौंड होता, म्हणजे लीगने घातलेल्या मर्यादेपेक्षा १ कोटी ९५ लाख पौंडांनी जास्त. आयोगाने दहा गुण कापले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात ते सहावर आले. हे सहा गुण वजा झाले ते मात्र २०२३-२४ च्या तक्त्यातून, आणि तरीही एव्हर्टन ४० गुणांसह पंधरावा आला. ज्या हंगामाअखेर मर्यादा ओलांडली गेली त्याच हंगामातून ते वजा झाले असते, तर एव्हर्टनचे ३३ गुण उरले असते आणि बर्नली वरच्या श्रेणीत राहिला असता.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. मिशेल प्लातिनी अध्यक्ष असताना युएफाने (युरोपातल्या फुटबॉलच्या महासंघाने) २०१० मध्ये 'फायनान्शियल फेअर प्ले'ची नियमावली आणली. क्लबने साधारणपणे कमाईच्या मर्यादेतच खर्च करावा, हे तिचे सूत्र. प्रीमियर लीगने २०१३ मध्ये स्वतःचे नियम केले, ज्यांना पीएसआर म्हणतात (२०२५-२६ च्या हंगामापर्यंतचे). त्यानुसार सलग तीन हंगामांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा चालतो, आणि त्यातलेही ९ कोटी मालकाने कर्जरूपाने न देता भांडवल म्हणून घातलेले असावे लागतात. मैदानाचे बांधकाम, अकादमी, महिला संघ आणि समाजोपयोगी उपक्रम यांवरचा खर्च या हिशेबातून वगळला जातो.

दुसऱ्या टोकाला मँचेस्टर सिटीचे प्रकरण आहे. लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये या क्लबवर शंभराहून अधिक आरोप ठेवले (११५ हा आकडा वृत्तपत्रांत रूढ झाला) आणि त्यांतले सर्वांत जुने २००९-१० च्या हंगामाचे होते. सुनावणी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपली, आणि त्यानंतर निकालाची प्रतीक्षा महिनोन्महिने लांबत गेली. क्लबने सर्व आरोप नाकारले आहेत आणि निकालाआधी कोणालाही दोषी मानण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप विलंबाला आहे. नियम कागदावर सर्वांना सारखे असले, तरी ज्याच्याकडे लढण्याची ताकद आहे त्याच्यापर्यंत ते दहा-पंधरा वर्षांनी पोहोचणार असतील, तर विलंब हाच एक विशेषाधिकार होऊन बसतो. या नियमांची अंमलबजावणी कशी व्हावी, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.


ताळेबंद

धागा चांगला आहे. मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे हिशेबाची बाजू मांडतो, कारण अंमलबजावणीतल्या निम्म्या अडचणी तिथेच दडलेल्या आहेत.

खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत त्याच वर्षी खर्ची पडत नाही. ती कराराच्या वर्षांत समान विभागली जाते. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी दोन कोटी खर्च दिसतो. आठ वर्षांच्या करारावर घेतला तर तोच खर्च सव्वा कोटीवर येतो. चेल्सीने एन्झो फर्नांडिस आणि मिखाइलो मुद्रिक यांना साडेआठ वर्षांचे करार दिले, त्यामागचे एक उघड कारण हे होते. युएफाने २०२३ च्या उन्हाळ्यापासून ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली आणि प्रीमियर लीगच्या क्लबांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसाच ठराव केला. नियम नव्या करारांना लागू झाला. जुने करार तसेच राहिले.

विक्रीचे गणित याच्या उलट चालते. विकत घेतलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत विक्रीतून वजा करावी लागते, पण अकादमीत वाढलेल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य असल्यामुळे त्याच्या विक्रीची सबंध रक्कम त्याच वर्षीचा नफा ठरते. जून २०२४ च्या शेवटच्या दिवसांत, हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपण्याआधी, काय घडले ते आठवा. न्यूकॅसलने आपल्या अकादमीतला एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला. अॅस्टन व्हिला आणि एव्हर्टन यांनी टिम इरोगबुनाम आणि लुइस डॉबिन या तरुणांची जवळपास अदलाबदलच केली. व्हिलाने चेल्सीकडून इयान मात्सेन घेतला आणि त्याच सुमारास चेल्सीने व्हिलाचा ओमारी केलीमन घेतला. हे सर्व व्यवहार नियमात बसणारे होते. परंतु अकादमीवरचा खर्च वगळून तरुणांना उत्तेजन देऊ पाहणाऱ्या नियमाने शेवटी त्याच तरुणांना ३० जूनच्या तारखेसाठी विकायला लावले, हे मला फार खटकते.

चेल्सीचे आणखी एक उदाहरण देतो. क्लबने स्टॅमफर्ड ब्रिजलगतची दोन हॉटेले ७ कोटी ६५ लाख पौंडांना आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला विकली आणि पुढे महिला संघही सुमारे २० कोटी पौंडांना समूहातल्याच कंपनीकडे वळवला. प्रीमियर लीगच्या नियमांत त्याला आडकाठी नव्हती. युएफा असे उत्पन्न धरत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये तिने चेल्सीला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. एकच ताळेबंद एका दारात चालतो आणि दुसऱ्या दारात अडतो, अशी स्थिती आहे.


टाइनकाठ

मी न्यूकॅसलचा समर्थक आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या मताचे वजन वाचकांना ठरवता येईल.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे हे नियम न्याय्य आहेत आणि फक्त अंमलबजावणी कमी पडते. मला पहिलाच भाग मान्य नाही. जॅक वॉकर यांनी पैसा ओतला म्हणून ब्लॅकबर्न १९९५ मध्ये विजेता झाला. अब्रामोविच यांनी २००३ मध्ये चेल्सी घेतला आणि शेख मन्सूर यांनी २००८ मध्ये मँचेस्टर सिटी. हे सर्व जण नियम येण्यापूर्वी शिडी चढले. आमचे मालक ऑक्टोबर २०२१ मध्ये आले, तेव्हा शिडी काढून घेतलेली होती. दोनच महिन्यांत मालकांशी संबंधित कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर निर्बंध आले. ज्याची कमाई आधीच मोठी आहे त्याला मोठा खर्च करता येतो, आणि ज्याला वर यायचे आहे त्याने आपली मुले विकावीत, हा या नियमांचा प्रत्यक्ष परिणाम आहे. मालक जर कर्ज न काढता, परत न मागता, भांडवल म्हणून पैसा घालत असेल, तर त्यात क्लबला धोका कसला? धोका कर्जात असतो. कर्जाला मर्यादा घाला आणि भांडवल मोकळे सोडा.


डर्बीकर

टाइनकाठ यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी राहतो त्या शहरात मिळते.

डर्बी काउंटीचे मालक मेल मॉरिस हे डर्बीचेच, क्लबवर मनापासून प्रेम असलेले गृहस्थ होते. त्यांनी स्वतःचा प्रचंड पैसा घातला, त्यामुळे 'मालकाचा पैसा असेल तर धोका नाही' हे मत त्या काळात इथे सर्रास ऐकू येत असे. २०१८ मध्ये प्राइड पार्क हे मैदान क्लबने मालकांच्याच कंपनीला ८ कोटी १० लाख पौंडांना विकले आणि हिशेबात मोठा नफा दाखवला. पुढे एक दिवस मालकांनी हात आखडता घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये दिवाळखोरीमुळे क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, बारा गुण कापले गेले, आणि खेळाडूंच्या किमतीची विभागणी ज्या पद्धतीने केली होती तिच्यामुळे नोव्हेंबरात आणखी नऊ गुण गेले. वेन रूनी यांच्या संघाने त्या हंगामात मैदानावर ५५ गुण मिळवले होते. तक्त्यात ३४ दिसले, आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत गेलो. माझ्या कार्यालयातले सहकारी तेव्हा सामन्यांविषयी कमी आणि कराची थकबाकी व संभाव्य खरेदीदार यांविषयीच जास्त बोलत असत. क्लब टिकला, कारण २०२२ च्या उन्हाळ्यात डेव्हिड क्लाउज या स्थानिक व्यावसायिकाने क्लब आणि मैदान दोन्ही विकत घेतले. बरी क्लबला असा कोणी मिळाला नाही. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला, आणि तोही नुकतीच बढती मिळवल्यानंतर. मालकाचा पैसा भांडवल म्हणून आला तरी त्याच्या भरवशावर केलेले पगाराचे करार पुढची चार-पाच वर्षे क्लबच्याच नावावर राहतात, आणि मालक मात्र कोणत्याही दिवशी जाऊ शकतो. मला नियम हवेत ते एवढ्यासाठी.

परंतु खरी गोष्ट त्याही आधीची आहे. मे २०१४ मध्ये वेम्बलीवर बढतीचा अंतिम सामना डर्बी आणि क्वीन्स पार्क रेंजर्स यांच्यात झाला. रेंजर्सचे दहाच खेळाडू उरले होते, सगळा खेळ आमच्या बाजूने चालला होता, आणि नव्वदाव्या मिनिटाला बॉबी झमोराने गोल केला. रेंजर्स प्रीमियर लीगमध्ये गेले. त्या हंगामात त्यांनी खर्चाची मर्यादा मोठ्या फरकाने ओलांडली होती, हे पुढे मान्य झाले. पण प्रकरण मिटले ते जुलै २०१८ मध्ये, दंड, खर्च आणि मालकांनी भांडवलात वळवलेली कर्जे मिळून सुमारे ४ कोटी २० लाख पौंडांवर. या चार वर्षांत आमच्या क्लबने काय पाहिले? नियम मोडणारा वर जातो आणि पाळणारा खाली राहतो, हे पाहिले, आणि आमच्या क्लबनेही तीच वाट धरली. मॉरिस यांना मी दोषमुक्त करत नाही, पण रेंजर्सना त्याच उन्हाळ्यात रोखले असते तर आमच्या क्लबवर २०२१ ची वेळ आली असती का, हा प्रश्न डर्बीतले लोक अजून विचारतात.


टाइनकाठ

डर्बीकर, आपण लिहिलेले मनाला भिडले. पगाराच्या करारांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरीही त्यावर उपाय आहे: मालकाने पुढच्या सर्व वर्षांच्या पगाराएवढी रक्कम आधीच तारण म्हणून ठेवावी आणि मग हवा तेवढा खर्च करावा. असा नियम केला तर क्लबही सुरक्षित राहील आणि वर येण्याची वाटही बंद होणार नाही.


अंधेरी_निळी

मी मुंबई सिटीचे सामने अंधेरीच्या मैदानावर पाहत आलो आहे. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्याच मालक समूहाने, आमच्या क्लबचे ६५ टक्के भाग घेतले, त्यामुळे मँचेस्टरच्या या खटल्याकडे आमच्यातल्या अनेकांचे लक्ष लागले. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एव्हर्टन आणि गुणकपात झालेला दुसरा क्लब नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची प्रकरणे लवकर निकाली निघाली, कारण त्यांनी मर्यादा ओलांडल्याचे स्वतःच मान्य केले होते. वाद उरला होता तो शिक्षेच्या मापाचा. मँचेस्टर सिटीवरचा आरोप निराळ्या जातीचा आहे. प्रायोजकांकडून आलेला पैसा खरोखर प्रायोजकांचा होता की मालकांचा, हा तिथला प्रश्न आहे. म्हणजे अनेक वर्षांच्या हिशेबांच्या खरेपणावरच शंका घेतली गेली आहे. इतका गंभीर आरोप बारा आठवड्यांत ऐकून निकाल द्यावा, असे कोणी म्हणणार असेल तर ते आरोपीवर अन्यायाचे होईल. युएफाने फेब्रुवारी २०२० मध्ये याच क्लबला दोन वर्षांची बंदी आणि ३ कोटी युरोंचा दंड ठोठावला होता, आणि जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी उठवून दंड १ कोटीवर आणला. पहिल्या निर्णयावर विसंबून ज्यांनी क्लबला दोषी ठरवले होते, त्यांनी लवादाच्या निकालानंतर आपले मत तपासले का? विलंब मलाही नको आहे, पण घाईने दिलेला आणि अपिलात टिकू न शकणारा निकाल त्याहून वाईट असतो.


वादी_प्रतिवादी

मी वकिली करतो. अंधेरी_निळी यांचे बरेचसे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण लवादाच्या निकालाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. त्या निकालाने काही आरोप सिद्ध न झाल्याचे सांगितले, आणि काही आरोप युएफाच्या पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेल्यामुळे त्यांचा विचारच केला नाही. उरलेला १ कोटी युरोंचा दंड हा तपासात सहकार्य न केल्याबद्दल होता. प्रकरणाला तोंड फुटले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये 'डेर श्पीगेल'ने छापलेल्या ईमेलमुळे, आणि तोपर्यंत जुन्या वर्षांची मुदत सरत आली होती. याचा अर्थ असा की, ज्याची कागदपत्रे उशिरा उघडकीस येतात त्याला मुदतीचा फायदा मिळतो आणि जो स्वतःहून कबुली देतो त्याला मात्र कबुलीच्याच हंगामात गुण गमवावे लागतात. हिशेब दडवल्याचा आरोप असेल तेव्हा मुदत गुन्हा घडल्याच्या दिवसापासून न मोजता तो उघडकीस आल्याच्या दिवसापासून मोजावी, असे तत्त्व फसवणुकीच्या दिवाणी दाव्यांत आपल्याकडेही आहे. क्रीडा संघटनांनी ते स्वीकारायला हरकत नसावी.

सहकार्याला सवलत मिळते, हेही नोंदवायला हवे. फॉरेस्टचे प्रकरण पाहा. हा क्लब आधीच्या तीनपैकी दोन हंगाम दुसऱ्या श्रेणीत होता, म्हणून त्याची मर्यादा ६ कोटी १० लाख पौंड होती. ती ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली गेली. आयोगाने सहा गुणांचे माप काढले आणि लवकर कबुली व सहकार्य यांसाठी दोन कमी केले. क्लबचे म्हणणे होते की, अकादमीतला ब्रेनन जॉन्सन ३० जूनपूर्वी विकला असता तर कमी किंमत आली असती. १ सप्टेंबरला टॉटनहॅमकडून ४ कोटी ७५ लाख पौंड मिळाले, आणि दोन महिने थांबणे आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचेच होते. आयोगाने ते ऐकले नाही, आणि माझ्या मते योग्य केले. तारीख सर्वांना आधीपासून माहीत होती, आणि तो खेळाडू त्या दोन महिन्यांत संघाच्या उपयोगीही पडत होता.

मापाच्या बाबतीत मात्र लीग चुकत आली आहे. एव्हर्टनचे दहा गुण अपिलात सहावर आले, त्याचे एक कारण असे की, क्लबने सद्भावनेने वागणूक ठेवली नाही हा आयोगाचा निष्कर्ष टिकला नाही. शिवाय दिवाळे निघालेल्या क्लबचे प्रीमियर लीगच्या नियमांनुसार नऊ गुण जातात, २०१० मध्ये पोर्ट्समथचे तेवढेच गेले होते, आणि तोटा जास्त झाल्याबद्दल त्याहून अधिक गुण कापणे विसंगत ठरत होते. आधी छापलेले, आकड्यांना बांधलेले माप नसल्यामुळे प्रत्येक आयोग नव्याने विचार करतो आणि वकिलांना वाव मिळतो. मी त्याच व्यवसायात असूनही हे मला चुकीचे वाटते.

लेस्टरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०२२-२३ च्या अखेरीस हा क्लब खाली गेला, त्याचे लीगचे सदस्यत्व जूनच्या मध्यावर संपले आणि हिशेबाचे वर्ष संपले ३० जूनला. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने ठरवले की, मर्यादा ओलांडली गेली तेव्हा क्लब लीगचा सदस्य नव्हता, म्हणून लीगला कारवाईचा अधिकार नाही. आपलीच नियमावली लिहिताना लीगने ही फट ठेवली होती.


बालेवाडी

मी नियमित वाचक आहे, इथे क्वचित लिहितो. पुण्यात आमचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि बालेवाडीचे ते सामने संपले, त्यामुळे क्लबच्या आर्थिक स्वास्थ्याचा विषय मला जवळचा वाटतो. एक साधी शंका आहे: दंड श्रीमंत क्लबला लागत नाही आणि गुणकपात उशिरा होते, तर मग नवे खेळाडू घेण्यावरच बंदी का घालत नाहीत?


वादी_प्रतिवादी

बालेवाडी, आपली शंका योग्य आहे आणि तशी शिक्षा अस्तित्वात आहे. युएफाने मे २०१४ मध्ये मँचेस्टर सिटी आणि पॅरिस सेंट-जर्मेन यांच्याशी समझोता केला, तेव्हा प्रत्येकी ६ कोटी युरोंच्या दंडाबरोबर चॅम्पियन्स लीगसाठीची खेळाडूंची यादी पंचवीसवरून एकवीसवर आणली होती. दंडातले ४ कोटी पुढे परत मिळण्याच्या अटीवर होते, त्यामुळे त्या समझोत्यात खरी बोचणारी शिक्षा होती ती यादीची. माझ्या मते दंडापेक्षा हीच दिशा बरोबर आहे.


कॅम्पनोऊ

शिक्षेची चर्चा चालू आहे, पण स्पेनमध्ये गुन्हा घडण्यापूर्वीच अडवणूक होते, हे इथे यायला हवे. ला लीगाने (तिथल्या अव्वल लीगने) २०१३ पासून अशी व्यवस्था केली आहे की, हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबच्या अपेक्षित उत्पन्नावरून खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा ठरते. मर्यादेत बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. करार करा, पत्रकार परिषद घ्या, जर्सी विका. मैदानावर उतरवता येणार नाही.

मी बार्सिलोनाचा समर्थक असल्यामुळे ही व्यवस्था किती कठोर असू शकते ते सोसले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी अर्ध्या पगारावर राहायला तयार होता, तरी त्याची नोंदणी होऊ शकली नाही. अध्यक्ष लापोर्ता यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले की, मेस्सीला धरले तर पगारच उत्पन्नाच्या ११० टक्के होतात. जगातला सर्वांत मोठा खेळाडू रडत बाहेर पडला आणि नियम वाकला नाही. आजही ते आठवले की वाईट वाटते, पण दोष नियमाचा नव्हता. आधीच्या संचालकांनी क्लबची जी आर्थिक दुर्दशा केली होती तिचा होता.


ताळेबंद

कॅम्पनोऊ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. आधी तपासणी, मग नोंदणी, हा क्रम लेखापरीक्षकाला नेहमीच पटतो. पण त्या व्यवस्थेतही दोन दुबळ्या जागा आहेत.

पहिली अशी की, अपेक्षित उत्पन्न फुगवण्याचा मोह होतो. २०२२ मध्ये बार्सिलोनाने स्थानिक दूरदर्शन हक्कांतला २५ टक्के भाग पंचवीस वर्षांसाठी विकला आणि ती रक्कम त्या वर्षीची कमाई म्हणून दाखवली. पुढच्या पिढीचे उत्पन्न आजच्या पगारासाठी खर्ची पडले. दुसरी जागा बाहेरच्या हस्तक्षेपाची. दानी ओल्मो आणि पाउ व्हिक्तर यांची नोंदणी २०२४ च्या अखेरीस संपली, लीग आणि महासंघ यांनी ती नव्याने करण्यास नकार दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरता आदेश देऊन दोघांना खेळू दिले. व्यवस्था कितीही चांगली असली तरी तिच्या डोक्यावर बसलेली संस्था ऐन हंगामात आदेश देऊ लागली, तर इतर क्लबांनी नियम का पाळावेत?

टाइनकाठ यांच्या तारणाच्या सूचनेविषयी: क्लबच्या सुरक्षिततेपुरती ती उत्तम आहे. मात्र एका क्लबने अमर्याद पगार दिले की बाकीच्यांनाही पगार वाढवावे लागतात, आणि त्यांच्या मालकांकडे तारण ठेवायला काही नसते. डर्बी आणि रेंजर्सच्या बाबतीत नेमके तेच घडले.


टाइनकाठ

हा शेवटचा मुद्दा मान्य करणे मला भाग आहे. तरीसुद्धा वर येण्याची वाट उघडी राहिली पाहिजे, हा माझा आग्रह कायम आहे. निदान अकादमीच्या मुलांच्या विक्रीवर मिळणारी हिशेबी सवलत बंद करावी, म्हणजे न्यूकॅसलसारख्या क्लबला स्वतः घडवलेला खेळाडू जूनच्या शेवटच्या दिवशी विकावा लागणार नाही.


गोलरेषा (धागालेखक)

सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. चर्चेतून माझ्या मूळ मुद्द्याला अधिक नेमका आकार आला आहे, तो मांडतो.

काही सुधारणा झाल्या आहेत, हे मान्य करायला हवे. ऑगस्ट २०२३ पासून प्रीमियर लीगच्या क्लबांना मागच्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत द्यावे लागतात आणि साधी प्रकरणे त्याच हंगामात निकाली काढली जातात; फॉरेस्टला आणि, नंतरच्या दुसऱ्या प्रकरणात, एव्हर्टनला २०२४ च्या वसंतात झालेली शिक्षा हे त्याचेच फळ. युएफाने २०२२ मध्ये संघखर्चाचे प्रमाण आणले आणि ते उत्पन्नाच्या ९०, मग ८०, मग ७० टक्के असे तीन हंगामांत खाली आणले. प्रीमियर लीगच्या क्लबांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये असेच ८५ टक्क्यांचे प्रमाण २०२६-२७ पासून लागू करण्याचे ठरवले. त्यात थोड्या उल्लंघनाला पैशांची आकारणी आणि मोठ्या उल्लंघनाला थेट गुणकपात आहे. वादी_प्रतिवादी मागत आहेत ते आधी छापलेले माप त्यात काही अंशी सापडेल. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकही स्थापन झाला आहे, आणि बरीसारखी वेळ टाळणे हे त्याचे मुख्य काम असेल.

या सगळ्यातून एक जागा रिकामी राहते, ती बर्नलीची. अंधेरी_निळी म्हणतात त्याप्रमाणे गुंतागुंतीच्या प्रकरणाला वेळ द्यावाच लागेल. ते मी मानतो. पण वेळ लागणार असेल तर त्या वेळेची किंमत कोणी मोजायची, हे नियमात लिहिलेले असले पाहिजे. आज ती किंमत तिसराच क्लब मोजतो. दूरदर्शनचे उत्पन्न जाते, चांगले खेळाडू विकावे लागतात, मैदानावर पाणी मारणाऱ्यापासून तिकीट खिडकीवरच्या माणसापर्यंत अनेकांच्या नोकऱ्या जातात, आणि त्यांतल्या कोणीही कोणताच नियम मोडलेला नसतो.

याला पूर्वीचा दाखला आहे. २००७ मध्ये वेस्ट हॅमने कार्लोस तेवेझच्या करारात नियम मोडल्याचे सिद्ध झाले, ५५ लाख पौंडांचा दंड झाला, पण एकही गुण कापला गेला नाही. तेवेझने अखेरच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर गोल केला, वेस्ट हॅम टिकला आणि शेफील्ड युनायटेड खाली गेला. शेफील्डने दावा लावला आणि २००९ मध्ये वेस्ट हॅमने भरपाई देऊन तडजोड केली. तो खर्चमर्यादेचा खटला नव्हता, तरी नुकसान झालेल्या क्लबला भरपाई मिळू शकते हे त्यातून दिसले. बर्नलीनेही एव्हर्टनविरुद्ध भरपाईचा दावा केला, पण प्रत्येक क्लबने आपापला वकील लावून वर्षानुवर्षे भांडावे, ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आरोपपत्र दाखल झाल्या दिवसापासून संबंधित क्लबच्या दूरदर्शन उत्पन्नातला ठरावीक हिस्सा लीगने स्वतंत्र खात्यात अडकवून ठेवावा. क्लब निर्दोष ठरला तर तो व्याजासह परत द्यावा, आणि दोषी ठरला तर ज्या हंगामात उल्लंघन झाले त्या हंगामाचा तक्ता कापलेल्या गुणांसह पुन्हा मांडून, ज्याची जागा गेली त्या क्लबला त्यातून भरपाई द्यावी. असे झाले तर खटला लांबवण्यात क्लबचा काही फायदा उरणार नाही, आणि लवकर निकाल लागावा असे लीगइतकेच क्लबलाही वाटू लागेल. यात कायद्याची कोणती अडचण येईल, विशेषतः निकालाआधी पैसे अडकवण्याबाबत, ते वादी_प्रतिवादी यांनी सांगावे.


वादी_प्रतिवादी

निकालाआधी पैसे अडकवण्यात मोठी अडचण दिसत नाही, कारण दूरदर्शनचे पैसे लीगमार्फतच वाटले जातात आणि वाटपाच्या अटी क्लबच मतदानाने ठरवतात. वीसपैकी चौदा मते मिळाली की नियम होतो. अडचण आहे ती त्या चौदांची. उद्या आपल्यावरही आरोप येऊ शकतो, असे प्रत्येकाला वाटत असल्यामुळे स्वतःचे पैसे अडकतील अशा नियमाला चौदा क्लब हात वर करतील का, याची मला शंका आहे. परंतु गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात नेहमी असणाऱ्या दहा-बारा क्लबांनी बर्नलीचे ३५ गुण डोळ्यांसमोर ठेवून हा ठराव एकत्र मांडला, तर उरलेली दोन-चार मते मिळवणे अशक्य नाही. निकालानंतर परत मिळणाऱ्या रकमेवरचा व्याजदर मात्र ठरावातच लिहावा लागेल, नाहीतर पुढचा खटला त्यावरूनच उभा राहील.